मांडवाच्या बदल्यात वकील

आमच्या गोंदियात कोर्टाच्या फाटकाशी उभं राहून नुसतं खोकलं तरी दोन वकील वळून बघतात. जमिनीचा वकील आहे, फारकतीचा आहे, दारूच्या केसचा आहे, आणि अपघाताच्या नुकसानभरपाईचे तर पायलीचे पन्नास आहेत. मला दिवाळखोरीचा वकील हवा होता. तो काही केल्या मिळेना.

माझं बिछायत केंद्र होतं. मांडव, कनाती, गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठे गंज, असं लग्नाचं सगळं सामान भाड्याने देणाऱ्याला आमच्याकडे बिछायतवाला म्हणतात. मिसरूड फुटल्यापासून मी हेच केलं. कोणाच्या अंगणात किती बल्ल्या, म्हणजे मांडवाचे खांब, लागतील, हे मी सायकलवरून न उतरता सांगत असे. कोरोनाच्या उन्हाळ्यांत लोकांनी लग्नं घरातल्या घरात उरकली. ते संकट गेलं आणि आता धंदा उठेल म्हणून मी पतसंस्थेचं कर्ज काढून नवा लोखंडी सांगाडा आणि जनरेटर घेतला. तोवर शहराबाहेर जिकडे तिकडे लॉन उगवले. लॉनवाल्याकडे मांडव त्याचा, दिवे त्याचे, खुर्च्यांना पांढरे झगेसुद्धा त्याचेच. लोकांनी अंगणात मांडव घालायचं सोडलं आणि माझा बाजार उठला.

कर्जाला जामीनदार माझे भाऊजी होते, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. ते अर्जुनी मोरगावकडे शाळेत शिक्षक आहेत. आमच्याकडे नोकरीवाला जावई मिळाला की मुलीच्या बापापेक्षा मुलीचे भाऊ जास्त खूश होतात, कारण जामीनदार घरातच मिळतो. मी हप्ते थकवले. पतसंस्थेने रीतसर वसुलीचा दाखला मिळवला, भाऊजींच्या कार्यालयात पत्र गेलं आणि त्यांचा पगार कापला जाऊ लागला. कर्ज मी खाल्लं आणि ढेकर त्यांना द्यावा लागला.

बहीण दर महिन्याला फोन करायची. तक्रार नाही, रडणं नाही. "दादा, याही महिन्यात कापले," एवढंच सांगायची आणि मग माझी तब्येत विचारायची. भाची नागपूरला नर्सिंग शिकत होती. तिची फी त्याच पगारातून जायची. पुढच्या वर्षाची फी भरायची तारीख जवळ येत होती आणि मला एकच गोष्ट करायची होती, भाऊजींचा पगार मोकळा करायचा.

दिवाळखोरीची कल्पना मोबाईलने दिली. टाय लावलेला एक माणूस हिंदीत सांगत होता की कर्जबाजारी माणूस कोर्टात जाऊन स्वतःला दिवाळखोर जाहीर करून घेऊ शकतो आणि मग कोणीही त्याच्या दारात येऊ शकत नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. कर्जदार बुडाला म्हणजे कर्ज बुडालं, आणि कर्जच बुडालं तर जामीन कसला? मुळावर घाव घातला की फांद्या आपोआप सुटतील. हे मी बायकोला समजावून सांगितलं. तिलाही पटलं. ज्या गोष्टी दोघांनाही लगेच पटतात त्यांत काहीतरी गोम असते, हे मला आता कळतं.

मग वकील शोधायला लागलो. मोबाईलला विचारलं, तर त्याने नागपूरचे तीन, रायपूरचा एक आणि आमच्याच गल्लीतला झेरॉक्सवाला दाखवला. नागपूरच्या एकाला फोन लावला. त्याने कंपनीचं नाव विचारलं. कंपनी नाही, बिछायत केंद्र आहे म्हटल्यावर त्याने "एक मिनिट" म्हणून फोन ठेवला. ते मिनिट अजून संपलेलं नाही.

पहिला गाठला तो ओळखीचा वकील. त्याच्या दोन्ही मुलींच्या लग्नाचे मांडव मी घातले होते. त्याने चहा मागवला, माझं ऐकलं आणि हसला.

"दिवालिया? अरे भाई, यहाँ कौन करता है दिवालिया? इथे माणूस एक तर कर्ज फेडतो, नाही तर रायपूरला निघून जातो."

"मला जायचं नाही जी. कोर्टातून कागद पाहिजे."

"कशाला पाहिजे कागद? तुमच्याजवळ आहे काय घ्यायला? बसून राहा निवांत. नंगे से खुदा डरे."

आता त्याला काय सांगणार? नागडा मी होतो, पण थंडी भाऊजींना वाजत होती. मी फक्त "घरच्यांना त्रास होऊन राहिला," एवढंच म्हणालो. भाऊजींचं नाव काढलं नाही. त्यामागे आमच्या घरची एक रीत आहे. वडील म्हणायचे, "जवायाले मांडवात आणाचं, कचेरीत नाई." शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण तहसीलीत गेलं होतं, तेव्हा धुरा कोणी फोडला हे मोठ्या जावयाने डोळ्यांनी पाहिलं होतं. वडिलांनी त्यांना साक्षीला बोलावलं नाही. धुरा गेला, पण जावयाच्या नावाचा पुकारा कोर्टात होऊ दिला नाही, याची फुशारकी ते मरेपर्यंत मारत होते. पतसंस्थेत मात्र मी भाऊजींना सही करायला घेऊन गेलो होतो. पतसंस्था काही कचेरी नाही, तिथे चहा देतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

दुसरा वकील मोठा होता. बाहेर काचेचा दरवाजा, आत थंडगार. तो आधीच म्हणाला, "सब बताओ. वकील और डॉक्टर से कुछ नहीं छुपाते." मी मोकळा होऊन बोललो. कोणाचं किती देणं आहे, धनादेश कोणाकडे अडकलेत, सांगाडा बालाघाटच्या माणसाला पडत्या भावात का विकला, उरलेलं सामान सासऱ्यांच्या गोठ्यात कसं ठेवलंय, सगळं सांगितलं. एवढं तर मी कधी देवापुढेही बोललो नव्हतो. फक्त भाऊजी तेवढे वगळले. तो मध्ये मध्ये लिहून घेत होता, तेव्हा मला बरं वाटत होतं की बाबा, कोणीतरी ऐकतंय. शेवटी त्याने पतसंस्थेचं नाव पुन्हा विचारलं आणि लेखणीला टोपण लावलं.

"मैं तो उनके पैनल पर हूँ. पहले बताना था ना."

"तुमी पहिले विचाराचं ना जी," मी म्हणालो.

तो हसून म्हणाला की काळजी करू नका, इथे बोललेलं बाहेर जात नाही. मी त्याच्यावर आळ घेत नाही. पण पुढच्याच आठवड्यात पतसंस्थेची माणसं थेट सासऱ्यांच्या गोठ्यात शिरली आणि कनाती, गाद्या, खुर्च्या भरून घेऊन गेली. गोठ्यातली म्हैस तेवढी राहिली, कारण ती सासऱ्यांची होती. सासरे माझ्याशी पुढे बराच काळ बोलले नाहीत.

त्या दिवसापासून मी वकिलाच्या दारात पाऊल ठेवायच्या आधी विचारू लागलो, "साहेब, तुमी कोनाच्या पॅनलवर आहा?" कोणी या पतसंस्थेच्या, कोणी त्या फायनान्स कंपनीच्या. एकजण कोणाच्याच नव्हता, तर तो जनरेटरवाल्या व्यापाऱ्याचा साडू निघाला. माझी देणी अशी सगळीकडे पसरलेली की जिल्ह्यातला प्रत्येक वकील माझ्याविरुद्ध आधीच उभा होता. खेड्यात मुलीला स्थळ बघताना असं होतं, सगळीच घरं भावकीत निघतात.

बायको वैतागली. एका संध्याकाळी मी चप्पल काढतोय तोच तिने विचारलं, "भाऊजीचं सांगितलं का वकिलाले?"

"जवायाचं नाव कायले घेऊ मी तेथं?"

"तं मंग कोनासाठी चालू आहे हे सारं?"

मी उलट तिच्यावरच ओरडलो की बायकांना कोर्टातलं काय कळतं. तिला कळत होतं, म्हणूनच जास्त राग आला.

शेवटी एक भेटला. कोर्टासमोर मिठाईच्या दुकानावर त्याची खोली होती, जिना चढताना तुपाचा वास यायचा. माझ्याच वयाचा, साधा माणूस. तो कोणाच्याही पॅनलवर नव्हता आणि मुख्य म्हणजे तो खरं बोलला.

"असा अर्ज मी आजवर केला नाही," तो म्हणाला. "आपल्या कोर्टात कोणी केल्याचं ऐकलंही नाही. पण कायदा आहे. मोठमोठ्या कंपन्यांसाठी नवा आहे, तो तुमच्या कामाचा नाही. तुमच्या-आमच्यासाठी अजून इंग्रजांच्या वेळचा जुनाच चालतो. जिल्हा कोर्टात अर्ज टाकता येतो."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. मग त्याने फी सांगितली. ऐकून माझं तोंड पडलं. अर्धी आधी हवी होती.

"साहेब, पैसे असते तं दिवाळखोर कायले झालो असतो?"

"ते बरोबर आहे," तो शांतपणे म्हणाला. "पण दिवाळखोराकडे उधारी ठेवली तर मीही तुमच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहीन. मग माझ्यासाठी कोण वकील शोधणार?"

म्हणजे आपण कफल्लक आहोत हे सिद्ध करायला पैसे लागतात. ज्याने हा कायदा केला त्याच्या घरी कधी चूल विझली नसणार. मी उठलो. दारापर्यंत गेल्यावर त्याने विचारलं, "धंदा काय होता म्हणालात?"

बिछायत म्हटल्याबरोबर तो खुर्चीत सावरून बसला. त्याच्या भावाच्या मुलीचं लग्न दरेकसाकडच्या गावी होतं. तिथे लॉन कुठला? डोंगर आणि जंगल. गोंदियातून कोणी सामान घेऊन जायला तयार नव्हतं, आणि जो तयार होता तो दुप्पट भाडं सांगत होता. तो म्हणाला, "तुम्ही मांडव घाला, मी अर्ज तयार करतो. माझी फी मांडवात जिरवू."

मी हो म्हटलं. आता मांडव घालायला सामान हवं, आणि माझं तर सगळं पतसंस्थेच्या गोदामात. पण आमच्या धंद्यात एक नियम आहे. बिछायतवाले एकमेकांचे गिऱ्हाईक पळवतील, एकमेकांच्या नावाने बोटं मोडतील, पण एखाद्याचा मांडव अडला तर सामान नाकारत नाहीत. ज्याच्याशी माझं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्यानेच कनाती आणि खुर्च्या दिल्या. गंज दुसऱ्याने दिले. "कोणाचं लग्न आहे?" त्याने विचारलं. "माझ्या वकिलाच्या घरचं," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला उन्हाची झळ लागली असावी.

छोटा हत्ती टेम्पो भरला, एक जुना गडी सोबत घेतला आणि निघालो. सालेकसा सोडल्यावर रस्ता चढायला लागतो, दोन्ही बाजूंनी साग आणि मोह. भर उन्हाळ्याचे दिवस होते. अंगणात खड्डे खणताना पहार मुरमावर ठणठण वाजत होती. इतक्या वर्षांनी अंगणातला मांडव घालत होतो आणि खरं सांगतो, पहिले काही तास मी कर्ज विसरलो होतो. बल्ली सरळ उभी राहिली की माणसालाही सरळ उभं राहिल्यासारखं वाटतं.

मग वकिलाचा थोरला भाऊ आला, मुलीचा बाप. त्याने मांडवाला फेरी मारली.

"कूलर नाई दिसून राहिले?"

"कूलरचं बोलणं नव्हतं जी."

"फीमधीच आहेत ना?"

कूलर आले. मग नवरदेवाच्या स्वागताची कमान फीमध्ये आली. मग वऱ्हाडाच्या मुक्कामाला, म्हणजे जानोशाला, वेगळ्या गाद्या फीमध्ये आल्या. दिव्यांच्या माळा विहिरीपर्यंत नेणं फीमध्ये आलं. त्या घरात जो कोणी मला बघे, त्याला काहीतरी आठवे आणि ते फीमध्येच असे. नवरीची आत्या म्हणाली की पाण्याचा टँकरही बिछायतवालाच आणतो. मी त्या दिवशी दात ओठ खाऊन टँकर आणला. मोबाईलमधला टायवाला माणूस मला त्या वेळी भेटला असता तर त्याला मी त्याच टँकरमध्ये बुडवला असता.

लग्नाच्या दिवशी वकीलसाहेब पांढरा सदरा घालून आले. माझी ओळख पाहुण्यांना करून देताना म्हणाले, "हे आपले पक्षकार." एका पाहुण्याने कौतुकाने विचारलं की कसली केस. साहेबांनी सहज सांगितलं, "दिवाळखोरीची." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पाहुण्याने माझ्या हातातलं पाण्याचं भांडं बघितलं, मांडवाच्या छताकडे बघितलं आणि खुर्ची उचलून दोन हात पलीकडे नेऊन बसला. मांडव पडेल असं वाटलं, की माझं दिवाळं त्याला लागेल असं वाटलं, कोण जाणे. सामान उतरवताना मुलीचा बाप खुर्च्या मोजायला उभा राहिला. मीच आणलेल्या खुर्च्या माझ्यापासून राखत होता. मी मनात म्हटलं, चला, फी फिटली.

त्या रात्री बहिणीला फोनवर सांगितलं, "वकील ठरला. आता कपात बंद होते बघ."

"पोरीची फी भरू शकू का तोवर?" तिने विचारलं.

"भरशील," मी म्हणालो. किती आत्मविश्वास होता त्या एका शब्दात, आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

लग्नाचा शीण उतरल्यावर वकिलाने बोलावलं. टेबलावर माझे सगळे कागद होते आणि शेजारी बार रूमच्या कपाटातून आणलेलं कायद्याचं जुनं पुस्तक, पानं सुटलेलं, दोऱ्याने बांधलेलं. त्याचा चेहरा बघूनच मला काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"कर्जाला जामीनदार आहे, हे सांगितलं नाही तुम्ही," तो म्हणाला.

"आहे जी."

"कोण?"

"घरचेच आहेत."

इतकं होऊनही माझ्या तोंडून भाऊजी हा शब्द निघेना. त्याने पतसंस्थेचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर नाव होतंच, सहीसकट. मग त्याने पुस्तकातलं एक कलम आधी इंग्रजीत वाचलं आणि मग मराठीत सांगितलं. कोर्टाने दिवाळखोराला कर्जातून मोकळं केलं, तरी त्याच्यासाठी जो जामीन राहिला तो मोकळा होत नाही.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा वाचायला लावलं. त्याने पुन्हा वाचलं.

"पण कर्ज तं माझं आहे," मी म्हणालो. "मी बुडालो म्हणजे कर्जच बुडालं."

"अहो, जामीन घेतात कशासाठी? कर्जदार बुडाला तर कोणाकडे मागायचं, म्हणूनच ना? त्या दिवसासाठीच तर सही घेतात."

इतकी सोपी गोष्ट होती. भाजीवालीलाही कळली असती. मला संताप आला, आणि तो कोणावर काढावा तेच कळेना. मी त्याच्यावर काढला. म्हणालो की हे लग्नाआधी सांगायला काय झालं होतं, मी कूलर उचलले, टँकर आणला, लोकांच्या दारात जाऊन कनाती मागितल्या. खाली मिठाईच्या दुकानातली माणसंसुद्धा वर बघू लागली असतील.

त्याने मला बोलू दिलं. मग म्हणाला, "लग्नाच्या धांदलीत मी कागद उघडले नाहीत, ही माझी चूक. पण मी तुम्हाला विचारलं होतं, आणखी काही सांगायचं आहे का. तुम्ही नाही म्हणालात."

विचारलं होतं, हे खरं. तेव्हाही वडिलांचं ते वाक्य माझ्या घशात अडकून बसलं होतं. मी जावयाचं नाव कचेरीत नेलं नाही म्हणून कचेरीने मला जावयाबद्दल काही सांगितलं नाही.

"आता कसं आहे," त्याने समजावलं, "पतसंस्था थोडं तुमच्या मागे आहे, थोडं त्यांच्या. तुम्ही सुटलात की सगळी त्यांच्या मागे लागेल. पण तुमची बाकीची देणी, धनादेशवाला व्यापारी, फायनान्सवाले, हात धुऊन तुमच्या मागे लागलेले लोक, हे सगळे थांबतील. अर्ज तयार आहे. सही करा, मी उद्या टाकतो. तुमचा मांडव मी वाया जाऊ देणार नाही."

तो प्रामाणिकपणे बोलत होता. मला त्याच्यावर धड रागावताही आलं नाही. सही न करता मी जिना उतरलो आणि दुसऱ्या दिवशी अर्जुनीची गाडी पकडली.

शेतं कापून मोकळी झाली होती, तलावाचं पाणी आत आत सरकलं होतं. गाडीत शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोठी जाऊन राहिले?" मी म्हटलं, बहिणीकडे. तो म्हणाला, "चांगलं आहे." मला त्या चांगलं आहे म्हणण्याचासुद्धा राग आला.

बहिणीने माझा चेहरा बघून काही विचारलं नाही. ताट वाढलं. भाऊजी शाळेच्या कामावरून आले, हातपाय धुऊन समोर बसले. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. कायदा काय आहे, मी सुटतो आणि ते कसे सुटत नाहीत, यातलं काहीच लपवलं नाही.

भाऊजी म्हणाले, "मले माहीत होतं."

मी मान वर केली.

"पहिल्यांदा पगार कापला तवाच एका वकिलाले विचारलं होतं मी," ते म्हणाले. "त्यानं हेच सांगितलं. तुमी इतकी धावपळ करून राहिले होते, म्हणून बोललो नाई. म्हटलं, तुमी तरी सुटा."

हे बहिणीलाही माहीत नव्हतं. ती भाताचं पातेलं हातात घेऊन उभी होती. ते तिने खाली ठेवलं.

"म्हणजे दादा सुटन, अन् तुमी भरत राहान?"

"भरीनच नाई तं. सही माझी आहे."

"अन् पोरीची फी?"

मग ती माझ्याकडे वळली. लहानपणी मी तिच्या वाटणीचा गूळ खाल्ला तरी ती आईला सांगत नसे. आताही तिचा आवाज चढला नाही.

"टाक तू अर्ज, दादा. मी अडवत नाई तुले. पण मंग राखीले येऊ नको."

भाऊजी तिला "काय बोलतेस" म्हणाले. तिने पातेलं पुन्हा उचललं आणि माझ्या ताटात भात वाढला. मी तो खाल्ला. न खाऊन करणार काय?

संध्याकाळच्या गाडीला भाऊजी स्टेशनवर सोडायला आले. मी नको म्हणत होतो. वाटेत ते शाळेचं बोलले, यंदाच्या उन्हाळ्याचं बोलले, माझ्या गुडघ्याला कोणतं तेल लावावं ते सांगितलं. मी त्यांना या खड्ड्यात ढकललं होतं आणि ते माझ्या गुडघ्याची काळजी करत होते. मला त्यांच्या चांगुलपणाचा असा राग आला की रुळावरचा दगड उचलून कुठेतरी भिरकवावासा वाटला. गाडी दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका, भाऊ. बाईमानूस आहे, पोरीची काळजी आहे तिले. तुमी सही करा. एकाचं तरी सुटू द्या."

वकिलाचा फोन अजूनही येतो. अर्ज तयार आहे, फी फिटलेली आहे, फक्त सही राहिली आहे. भाऊजींनी त्या फलाटावर मला एक शिवी हासडली असती, तर मी केव्हाच सही करून मोकळा झालो असतो.